तिसरे बालपण

'रॅप' हा शब्द दिवाळी अंकाच्या पानावर पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. फराळाची ताटली शेजारी घेऊन अंक उघडावा आणि न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतले, तालावर बोलले जाणारे, मधूनमधून शिवराळ होणारे गाणे समोर यावे, हे जरा विचित्रच. पण १९९६ सालापासून मी एका रॅपरचा चाहता आहे. त्याने पन्नाशी ओलांडली, त्याच्या मागोमाग मीही ओलांडली आणि १२ डिसेंबर २०२५ रोजी त्याचा नवा अल्बम आला. तो मी पुष्कळदा ऐकला आहे. त्याविषयी माझे मत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू. मात्र ते सांगताना म्हातारपणाविषयीही थोडे बोलावे लागेल, कारण या गाण्याला आजवर म्हातारपण ठाऊकच नव्हते.

त्याचे नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स. जग त्याला 'नाझ' म्हणते. जन्म १४ सप्टेंबर १९७३. त्याच्या बरोबर एक महिना आणि तीन दिवस आधी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात डीजे कूल हर्क याने बहिणीने ठरवलेल्या एका घरगुती पार्टीत दोन तबकड्यांवर तालाचा तोच तुकडा पुनःपुन्हा वाजवला, आणि हिपहॉपचा जन्म त्या दिवशी झाला असे मानतात. म्हणजे कला आणि कलावंत एकाच पावसाळ्यातले. वडील ओलू दारा हे जॅझमधले नावाजलेले वादक. मुलगा वाढला क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी वसाहतीत. शहाण्णव इमारती, तीन हजारांहून अधिक घरे; उत्तर अमेरिकेतली अशा प्रकारची ही सर्वांत मोठी वसाहत. आठवीत शाळा सुटली. वरच्या मजल्यावर राहणारा जिवलग मित्र १९९२ साली गोळीबारात मारला गेला. १९ एप्रिल १९९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्याचा 'इलमॅटिक' हा पहिला अल्बम आला. दहा तुकडे, जेमतेम चाळीस मिनिटे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुढे राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला.

हे सारे मला फार नंतर कळले. मला आधी मिळाली ती एक कॅसेट. आमच्या बेळगावच्या घराच्या माडीवर वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा मलेशियाचा एक तमिळ मुलगा भाड्याने राहत असे. शिक्षण संपवून जाताना त्याने खोलीत जी अडगळ मागे ठेवली, तिच्यात ही कॅसेट होती. वरचा कागद हरवलेला. मी ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आमचे अण्णा खाली पेपर वाचत होते. तिथूनच ओरडून त्यांनी विचारले, "काय ऐकायलास रे हे? गाणं म्हणायचं की भांडण?"

मला अर्धेअधिक समजले नव्हते. पण सीमाभागातल्या माणसाला अर्धवट समजण्याची सवय असते. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, खडेबाजारात दखनी, शाळेच्या दाखल्यावर आणखी काही. शब्द कळायच्या आधी आपण बोलणाऱ्याचा स्वर ऐकतो, तो कुठे थांबतो ते पाहतो, तो रागावला आहे की थट्टा करतो आहे याचा अंदाज घेतो आणि मग अर्थाकडे वळतो. नाझला मी असाच ऐकला. हळूहळू शब्द सुटे होत गेले. 'वन लव्ह' नावाचे गाणे तुरुंगातल्या मित्राला लिहिलेले पत्र आहे, हे कळायला मला महिना लागला. अमक्याचे काय झाले, तुझा मुलगा कसा दिसतो, गल्लीत कोण कोणाशी बिनसले, अशी सारी ख्यालीखुशाली. शेवटी बाकावर भेटलेल्या एका कोवळ्या पोराची हकीगत येते. तो वयाच्या मानाने फार निबर झालेला. हे समजले त्या दिवसापासून मला तो मुलगा दूरचा वाटेनासा झाला.

रॅपमध्ये शिव्या असतात, बढाया असतात, प्रतिस्पर्ध्याची उणीदुणी काढलेली असतात. ज्यांनी जत्रेत कलगी आणि तुरा या दोन फडांचा रात्रभराचा सामना ऐकला आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. सवाल टाकायचा, जबाब द्यायचा, कवनात आपले नाव गुंफायचे, समोरच्याचे गर्वहरण करायचे. नाझ आणि जे-झी यांचा असाच सामना २००१ साली रंगला. दोघांनी एकमेकांवर गाणी रचली, न्यूयॉर्कमध्ये तट पडले. २००५ साली जे-झीच्या कार्यक्रमात दोघे एकाच रंगमंचावर आले आणि वैर मिटले. आपल्या फडांप्रमाणेच पहाट झाल्यावर चहा एकत्र.

पण खरी अडचण या सामन्यांत नाही. 'इलमॅटिक' इतका चांगला होता की चाहत्यांनी त्यानंतरच्या प्रत्येक अल्बमला त्याच्याच शेजारी उभे करून मोजले. तीस वर्षे हा माणूस काहीही करो, आम्ही म्हणायचो, ठीक आहे, पण पहिल्यासारखे नाही. त्यातच एक आस लागून राहिली होती. 'इलमॅटिक'मधली तीन गाणी डीजे प्रीमियर याने बांधली होती. जुन्या जॅझच्या तबकडीतून पियानोचे चार जड सूर उचलायचे, खाली कोरडा, ठसठशीत ठेका ठेवायचा आणि धृपदाच्या जागी इतरांच्या गाण्यांतले शब्द तबकडी मागेपुढे घासून वाजवायचे, ही प्रीमियरची रीत. या दोघांनी मिळून एक संपूर्ण अल्बम करावा, असे सगळ्यांना वाटे. २००६ साली एका मासिकाच्या मुखपृष्ठावर दोघे झळकले आणि तो येणार म्हणून बोलले गेले. तो आला १९ वर्षांनी. त्याचे नाव 'लाइट-इयर्स', म्हणजे प्रकाशवर्षे. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी आहे.

इथे मला अण्णांची आठवण होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि धारवाड आकाशवाणीचे भक्त होते. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे लागले की घरात भांड्यांचाही आवाज होऊ द्यायचे नाहीत. मन्सूर जन्माने कन्नड, शिष्य अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचे, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे निम्मे लोक मराठी. आपल्या भागाला साजेसेच. त्यांना देशभर खरी मान्यता मिळाली ती उतारवयात, आणि १९९२ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, ते गेले तोवर त्यांच्या गाण्याची ओढ वाढतच होती. अण्णा एकदा मला म्हणाले होते, "आता बघ, समेवर यायची घाई नाही त्यांना." आपल्याकडे श्रोत्याला अशी शिकवण मिळालेली असते. गवय्या म्हातारा झाला की आपण कान अधिक टवकारतो. तरुणपणी जे दाखवायचे होते ते दाखवून झाले, आता काय उरले आहे ते ऐकू या, असे आपण म्हणतो.

रॅपरच्या वाट्याला असा श्रोता येत नाही. त्याला एक कारण असे की गवय्याची बंदिश पूर्वजांनी रचलेली असते. तोच यमन तो विशीत गातो आणि सत्तरीतही गातो. रॅपरला प्रत्येक वेळी स्वतःचे शब्द आणावे लागतात, आणि ते स्वतःच्या जगण्यातून आणावेत असा या कलेचा दंडक आहे. विसाव्या वर्षी खिडकीखाली गोळ्या झडत असताना सांगण्यासारखे पुष्कळ असते. पन्नाशीत मोठे घर आहे, व्यवसाय आहे, मुलगी मोठी झाली आहे. आता काय सांगायचे? तरुणपणीचेच सांगत राहावे तर खोटे, आणि पैशाचे सांगावे तर ते कोणाला ऐकायचे असते?

दुसरे कारण अधिक कठोर आहे. म्हातारे होण्याइतके जगणे फार थोड्यांच्या वाट्याला आले. टुपॅक १९९६ साली पंचविसाव्या वर्षी गेला, बिगी १९९७ साली चोविसाव्या वर्षी, बिग एल १९९९ साली चोविसाव्याच वर्षी. तिघेही गोळीने. नाझची भागीदारी असलेल्या 'मास अपील' या कंपनीने २०२५ साली जुन्याजाणत्या रॅपरांचे सात अल्बम ओळीने काढले, आणि 'लाइट-इयर्स' हा त्यांतला शेवटचा. त्या सातांपैकी एक बिग एलचा, मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून जुळवलेला. एक 'मॉब डीप' या जोडीचा. तिच्यातला प्रॉडिजी २०१७ साली आजारपणात गेला. एक 'दे ला सोल' या त्रयीचा. तिच्यातला एक जण २०२३ साली गेला. सातांतल्या तिघांत मृतांचे आवाज आहेत. म्हणून पन्नाशीचा रॅपर धडधाकट उभा राहून, श्वास न तुटता तीन कडवी म्हणतो, तेव्हा त्याच्या यमकांकडे लक्ष जाण्याआधी तो अजून आहे याचेच मला बरे वाटते.

तो आहे एवढ्यावर मात्र चाहत्याने समाधान मानू नये. नाझने मानलेले नाही. २०२० ते २०२३ या काळात, हिट-बॉय या त्याच्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान संगीतकाराबरोबर त्याने सहा अल्बम केले. त्यांतल्या पहिल्याला, 'किंग्ज डिसीज'ला, २०२१ साली ग्रॅमी मिळाले, ते त्याचे आयुष्यातले पहिले. सहावा, 'मॅजिक ३', त्याने बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी प्रसिद्ध केला. या सहांत मला सर्वांत जवळचा आहे तो २०२२ सालचा 'किंग्ज डिसीज ३'. दुसऱ्या कोणाचाही पाहुणा आवाज न घेता केलेला. त्यात एक गाणे आहे: 'वन्स अ मॅन, ट्वाइस अ चाइल्ड'. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, ही आपली म्हणच जणू त्याने शीर्षकात घातली आहे. वय वाढते, अंग थकते, ज्याने सगळ्यांना उचलले त्यालाच आता कोणीतरी उचलावे लागते.

हा अल्बम आला त्या हिवाळ्यात अण्णा अंथरुणाला खिळले होते. रात्रीची पाळी माझी असे. अडीच-तीनला त्यांना कूस बदलून द्यायची, चमच्याने पाणी पाजायचे, ओले झालेले धोतर काढून सुके नेसवायचे. ते मला कधी मुलगा म्हणून ओळखत, कधी शाळेतला जुना विद्यार्थी समजून पाढे म्हणायला सांगत. एकदा एकोणतीसचा पाढा मी अडखळलो तर त्यांनी डोळे मिटल्यामिटल्याच दुरुस्त केला. ते झोपले की मी खुर्चीत बसून कानाला श्रवणयंत्र लावावे तसे हेडफोन लावीत असे आणि हे गाणे ऐकत असे. क्वीन्सब्रिजच्या त्या पोराने मला एकोणिसशे शहाण्णवमध्ये तारुण्याची खुमखुमी पुरवली होती. आता तोच मला अंथरुणाशेजारच्या खुर्चीत कसे बसावे याविषयी काही सांगत होता. इतकी वर्षे एकाच कलावंताला धरून राहण्याचा लाभ कोणता, असे कोणी विचारले तर मी हा सांगेन. अण्णा पुढच्या होळीआधी गेले.

या पार्श्वभूमीवर 'लाइट-इयर्स' ऐकताना माझ्या अपेक्षा दोन होत्या आणि त्या एकमेकींशी भांडत होत्या. प्रीमियरचा तो जुना ठेका हवा होता, आणि नाझने मागे वळू नये असेही वाटत होते. अल्बममध्ये पंधरा गाणी आहेत. मागे वळणे पुष्कळ आहे. 'न्यूयॉर्क स्टेट ऑफ माइंड' या 'इलमॅटिक'मधल्या गाण्याचा इथे तिसरा भाग आहे. पहिल्या भागातला मुलगा जिन्याच्या अंधारात उभा होता. तिसऱ्या भागातला गृहस्थ त्याच जिन्याची आठवण सांगतो. आठवण नेटकी आहे, पण ती भीती आता त्याच्याजवळ नाही आणि ती असावी अशी अपेक्षाही क्रूरपणाची. मग तेच नाव पुन्हा कशाला? नाटक कंपनीने जुन्या नाटकाच्या यशावर नवा प्रयोग लावावा, तसे ते वाटले. 'इलमॅटिक'मधला एकुलता पाहुणा रॅपर एझी इथेही एका गाण्यात भेटतो. दोघे मित्र ओसरीवर बसून बोलावेत तसे ते बोलतात. त्या गाण्याला मात्र जुनेपणाची अडचण होत नाही, कारण दोघांनाही काही सिद्ध करायचे नाही.

प्रीमियरविषयीही स्पष्ट बोलावे. काही ठेके त्याच्या उत्तम कामाच्या तोडीचे आहेत. काही ठिकाणी मात्र त्याचा हात सवयीने चालला आहे. शिंप्याने माप न घेता नेहमीचा सदरा शिवून द्यावा, तसे. अंगाला बसतो, खांद्यावर जरा सैल. हिट-बॉयबरोबर नाझला दर गाण्यात नव्या जमिनीवर पाय ठेवावा लागे. इथे जमीन ओळखीची आहे आणि कधी कधी तो डोळे मिटून चालतो.

मग या अल्बमचा जीव कुठे आहे? माझ्या मते तो त्या गाण्यांत आहे, जिथे नाझ स्वतःविषयी न बोलता आपल्या विद्येविषयी बोलतो. 'रायटर्स' हे गाणे आगगाड्यांच्या डब्यांवर आणि भिंतींवर रात्री जाऊन रंगाने आपली नावे रेखाटणाऱ्या पोरांविषयी आहे. नावांमागून नावे येतात. 'बुके' या गाण्यात हिपहॉपमधल्या स्त्रियांना अशीच मानवंदना आहे. काहींना ही नुसती यादी वाटेल. मला त्यात आपल्याकडे कलेला हात घालण्याआधी गुरूंची नावे घेऊन कानाच्या पाळीला हात लावतात, त्याची आठवण झाली. ज्या कलेत प्रत्येक जण स्वतःचेच नाव घेतो, तिथे एका बुजुर्गाने इतरांची नावे घेत बसावे, हे नवे आहे.

आणि मग 'पॉज टेप्स'. हे मला या अल्बममधले सर्वांत आवडते गाणे. ज्या पोरांकडे महागडी यंत्रे नव्हती, ती दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर गाणी बांधत. एका खणात कॅसेट वाजवायची, तालाचा तुकडा संपला की दुसऱ्या खणाचे 'पॉज' बटण दाबायचे, पहिली कॅसेट मागे न्यायची, नेमक्या ठोक्यावर बटण सोडायचे. पुन्हा तेच. चार सेकंदांच्या तुकड्यातून चार मिनिटांचा ताल तयार व्हायला अख्खी दुपार जाई. नाझ ही कृती एखाद्या कारागिराने आपल्या उमेदवारीचे दिवस सांगावेत तशी सांगतो. ती ऐकताना माझा अंगठा आपोआप हलला. आम्हीही रेडिओवरून गाणी उतरवून घेताना निवेदकाचा आवाज येण्याआधी नेमक्या क्षणी तेच बटण दाबत होतो. त्यातून त्याने एक कला उभी केली आणि आम्ही फक्त नाट्यगीतांच्या कॅसेटी भरल्या, हा भाग वेगळा. पण यंत्र एकच, बोट एकच आणि वर्षेही तीच. इथे नाझला काहीही पटवून द्यायचे नाही. अण्णांच्या शब्दांत, समेवर यायची घाई नाही.

शेवटचे गाणे 'थर्ड चाइल्डहूड'. २००१ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने प्रीमियरच्याच ठेक्यावर 'सेकंड चाइल्डहूड' केले होते. त्यात तिशी उलटली तरी आईच्या घरी राहून पोरकटपणा न सोडणाऱ्यांना त्याने चांगले फटकारले होते. आता तोच स्वतःहून त्या रांगेत येऊन उभा राहतो. पोशाख तोच, जुन्या गाण्यांचे वेड तेच. फरक इतकाच की मधल्या काळात त्याने मुले वाढवली, आई गमावली, मित्र पोहोचवले. कर्तव्ये करून झाल्यावरचा हा पोरकटपणा आहे. पहिले बालपण आपोआप मिळते, दुसरे दुखण्यातून येते आणि कोणाला चुकत नाही. या दोहोंच्या मध्ये थोडी धट्टीकट्टी वर्षे मिळाली, तर ती आपल्या आवडीच्या गोष्टीत घालवावीत, असे काहीसे तो म्हणतो आहे, असा मी अर्थ घेतला. म्हणून त्याचे तिसरे बालपण क्रमाने दुसऱ्याच्या आधी येते.

माझा मुलगा हुबळीला शिकतो. मराठी, कन्नड, हिंदी असे तिन्ही भाषांतले रॅप ऐकतो. नाझ त्याला माहीत आहे तो 'गली बॉय'मुळे. २०१९ साली आलेल्या या चित्रपटाचा कार्यकारी निर्माता म्हणून नाझचे नाव होते, आणि त्याच वर्षी 'मास अपील'ने भारतात काम सुरू करताना पहिला कलावंत घेतला तो मुंबईचा डिव्हाइन. म्हणजे क्वीन्सब्रिजचा धागा अंधेरीपर्यंत आला आहे. मी मुलाला 'लाइट-इयर्स' ऐकवला. तो म्हणाला, "बाबा, चांगलं आहे, पण हे तुमच्यासाठी आहे." मी त्यावर वाद घातला नाही. त्याच्या वयाला त्याचा स्वतःचा कोणीतरी मिळेल, आणि तो त्याच्याबरोबर म्हातारा होईल.

माझे मत थोडक्यात असे. पंधरांतली सहा-सात गाणी मी जपून ठेवीन. चार वगळली असती तरी चालले असते. नव्या श्रोत्याने सुरुवात याच्यापासून करू नये. आधी 'इलमॅटिक' ऐकावा, मग 'किंग्ज डिसीज ३', आणि मग हा. ज्यांना १९ वर्षे वाट पाहून चमत्कार हवा होता, त्यांची थोडी निराशा होईल. मला चमत्कारापेक्षा सोबत हवी होती, ती मिळाली. १४ सप्टेंबर २०३३ रोजी नाझची साठी होईल. हिपहॉपची त्याआधी महिनाभर झालेली असेल. तेव्हा साठीशांतीच्या निमित्ताने त्याने पुन्हा काहीतरी करावे. 'न्यूयॉर्क स्टेट ऑफ माइंड'चा चौथा भाग मात्र करू नये. गुडघ्यांविषयी करावे, झोप न लागण्याविषयी करावे, मेलेल्या मित्रांच्या मुलांच्या लग्नांविषयी करावे. मी तोवर श्रवणयंत्र लावून ऐकत असेन, पण ऐकेन.